आवक क्रमांक ३२४७

एकाच पदाचे दोन साहेब एका टेबलामागे शेजारी शेजारी बसलेले मी नोकरीत एकदाच पाहिले. इतकी वर्षं झाली, पण ते चित्र काही डोळ्यांपुढून हलत नाही. त्या प्रकरणात ना खून होता, ना दरोडा. हरवली होती एक वही. तरीही नोकरीतली एखादी केस सांगा असं कुणी म्हटलं की मी हीच सांगतो. कारण त्या केसमध्ये मी एका बाईपुढे मनातल्या मनात हात जोडले होते, आणि मी सहसा कुणापुढे हात जोडणाऱ्यांतला नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत उपनिरीक्षक होतो. मूळचा घाटावरचा. आमच्याकडे माणूस चिडला की त्याचा आवाज चढतो. कोकणात माणूस चिडला की आवाज खाली येतो आणि बोलणं जास्त अदबीचं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. तोपर्यंत जे माझ्यावर चिडलेले असायचे त्यांना मी फार सज्जन समजत होतो. रत्नागिरीत रेल्वे येऊन थोडी वर्षं झाली होती. सरकारी कार्यालयांत संगणक आले होते, पण त्यांच्यावरची प्लास्टिकची आवरणं अजून निघायची होती. कारभार सगळा वहीवर चालायचा.

कार्यालय कुठल्या खात्याचं ते सांगणार नाही. जिल्ह्याचं कार्यालय होतं, तीसेक माणसं कामाला, आणि तिथल्या साहेबांच्या सहीला जिल्ह्यात वजन. त्यामुळे त्या खुर्चीत आपला माणूस असावा असं एका पुढाऱ्याला वाटायचं, आणि नेमकं तसंच दुसऱ्या पुढाऱ्यालाही वाटायचं. पहिल्या पुढाऱ्याचा माणूस खुर्चीत होता. दुसऱ्याने मुंबईत खटपट करून त्याची मुदतीआधीच बदली करून घेतली आणि आपला माणूस नेमून आणला. कार्यालयातले लोक पहिल्याला जुने साहेब आणि दुसऱ्याला नवे साहेब म्हणत. मीही तसंच म्हणतो.

जुने साहेब गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते बदलीविरुद्ध मुंबईला न्यायाधिकरणात गेले आणि सोमवारी सकाळी स्थगिती मिळवली. आदेश असा, की या क्षणी कार्यभार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहावा. हा कागद त्यांनी लगेच फॅक्सने रत्नागिरीला पाठवला. त्याच सोमवारी नवे साहेब कार्यालयात आले आणि जुन्या साहेबांच्या गैरहजेरीत एकतर्फी कार्यभार घेऊन मोकळे झाले. रुजू झाल्याच्या अहवालात त्यांनी लिहिलं, ‘मध्यान्हपूर्व’. म्हणजे दुपारी बाराच्या आत. सरकारी नोकरीत या एका शब्दावर अर्ध्या दिवसाचा पगार ठरतो. इथे त्यावर जिल्ह्याची खुर्ची ठरणार होती.

प्रश्न एवढाच होता: आधी काय आलं? स्थगितीचा फॅक्स की नव्या साहेबांचा रुजू अहवाल? याचं उत्तर एकाच ठिकाणी होतं. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो, त्याला पुढचा क्रमांक पडतो आणि तोच क्रमांक कागदावरच्या शिक्क्यात लिहिला जातो. ज्याचा क्रमांक लहान, तो कागद आधी आला. मुंबईत न्यायाधिकरणाने ती वहीच मागवली होती.

मंगळवारी जुने साहेब परतले. तेव्हा मला बंदोबस्ताला बोलावलं, आणि तेव्हाच मी ते दृश्य पाहिलं. नवे साहेब खुर्चीत. जुन्या साहेबांनी सभागृहातून तशीच खुर्ची आणवून तिला खेटून मांडलेली. दोघंही समोर बघत होते. शिपायाने चहा आणला तो दोन्ही हातांत एकेक कप धरून, आणि दोन्ही कप एकाच क्षणी टेबलावर टेकवले. मला हसू आवरेना. बाहेर व्हरांड्यात येऊन मी खोकल्याचं नाटक केलं.

बुधवारी सकाळी हसू पळालं. आवक नोंदवही गायब झाली होती.

दोन्ही साहेबांनी फिर्याद दिली. वेगवेगळी. नव्या साहेबांचं म्हणणं, आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी जुन्या साहेबांच्या सांगण्यावरून वही नाहीशी केली. जुन्या साहेबांचं म्हणणं, तिनेच, पण नव्या साहेबांच्या सांगण्यावरून. दोघांनी तिच्या निलंबनाचे दोन स्वतंत्र आदेश काढले. त्या आठवड्यात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

या बाईंना सगळं कार्यालय आवकबाई म्हणायचं. वय सत्तावन्नच्या आसपास, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. मिरजोळ्याच्या पलीकडच्या एका वाडीत राहायच्या आणि रोज एस.टी.ने यायच्या. बौद्ध कुटुंब, यजमान प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्या वाडीतून सरकारी कचेरीत टेबलाशी बसलेली ती पहिली बाई होती. निलंबन टिकलं असतं, गुन्हा शाबीत झाला असता, तर नोकरी जाणार होती, पेन्शन जाणार होती आणि तुरुंगही चुकला नसता. मला मात्र त्या सकाळी एवढंच दिसत होतं की वही जिच्या ताब्यात होती तिच्याकडून ती गेली आहे.

साडेअकराला पंचनामा केला. बाईंच्या टेबलाचा खण कुलूपबंद होता. किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवली. खण उघडून पाहिला, त्यात वाटप न झालेले पाच कागद होते. खण तसाच बंद करून मी कुलपावर लाखेचं सील लावलं.

कार्यालयाचे अधीक्षक, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ, सील लावून झाल्यावर माझ्याजवळ आले. लोक त्यांना भाऊ म्हणत. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं लोण्यासारखं. “काय सांगू साहेब तुम्हाला,” ते म्हणाले, “बाई माणूस चांगलं. पण दोन्हीकडून इतका दाब आला की माणसाचं चित्त राहतंय थाऱ्यावर?” मी विचारलं, “तुम्ही वही पाहिली होती का?” “छे! आवकशी माझा संबंधच येत नाय. वहीला हात लावायचा म्हटलं तरी बाई रागावतात.”

बाराच्या सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. आवाज पुरुषाचा, रुमाल धरून बोलल्यासारखा. वही बाईंनी काल पिशवीतून घरी नेली, झडती घ्या, असं सांगून त्याने फोन ठेवला. अशा फोनला आम्ही खबर म्हणतो आणि खबर आली की जावं लागतं. त्यातच दोन्ही पुढाऱ्यांकडून वरिष्ठांना आणि वरिष्ठांकडून मला फोन सुरू झाले होते. सगळ्यांना संध्याकाळपर्यंत अटक हवी होती.

आम्ही बाईंना आणि एका महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. चिऱ्याचं बैठं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. गुरुजी बाहेर आले. मी झडतीचं सांगितलं.  ते म्हणाले, “झडती घ्या, साहेब. तुमचं काम आहे ते. फक्त पंच वाडीतले नकोत. मी इथल्या पोरांना शिकवलंय.”

कायद्याने पंच त्याच भागातले लागतात. मी वाडीतलेच दोघे घेतले. दोघेही गुरुजींचे विद्यार्थी निघाले. ते खाली मान घालून उभे राहिले, आणि माझे शिपाई तांदळाच्या कणगीत हात घालत होते. सापडलं काहीच नाही. 

तीनला ठाण्यात चौकशीला बसलो. बाजूला महिला शिपाई, समोर जबाब लिहून घेणारा माझा रायटर हवालदार, संगमेश्वरकडचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. मी सरळ मुद्द्यावर आलो.

“बाई, वही कुठाय?”

“माझ्या टेबलावर होती. काल संध्याकाळी सात वाजता बंद करून ठेवलेली. सकाळी पावणेदहाला आले तर नाय.”

“सात वाजेपर्यंत काय करत होतात?”

“चिपळूणचं टपाल यायचं होतं. त्यांचा माणूस एस.टी.नं येतो, उशीर होतो त्याला. सगळे गेलेले. पाच कागद आणलेन. नोंदले, खणात ठेवले. वाटप दुसऱ्या दिवशी करते मी.”

“आणि सोमवारी? आधी काय आलं?”

त्यांनी जराही न थांबता सांगितलं, “फॅक्स. एकतीसशे एकोणऐंशी, अकरा वाजून वीस मिनिटं. साहेबांचा रुजू अहवाल एकतीसशे शहाऐंशी, बारा चाळीस. मी वेळ घालते नेहमी. नवे साहेब मला म्हणाले, मला वरचा, आधीचा नंबर द्या. म्हटलं, साहेब, वरचे नंबर गेले.”

मी टेबलावर हात आपटला. तपासात मी तेव्हा ते करायचो. “हे तुम्ही म्हणता! वही नाही, कागद नाही, तुमच्या शब्दाला कोण विचारणार? नंबर तर कुणीही सांगेल.”

बाईंचा आवाज खाली गेला. आता मला त्याचा अर्थ कळत होता. “मग सगळेच नंबर सांगते,” त्या म्हणाल्या. “हवालदारसाहेब, लिहून घ्या.”

आणि त्यांनी सुरुवात केली. सोमवार, पहिला क्रमांक एकतीसशे बासष्ट. कुठल्या कार्यालयाकडून, त्यांचा जावक क्रमांक काय, तारीख कोणती, विषय काय, कुणाच्या टेबलाला दिला. मग त्रेसष्ट. मग चौसष्ट. डोळे मिटलेले नव्हते, कपाळाला आठी नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्या शांतपणे सांगत होत्या, आणि मधेच “थांबा, आधी त्यांचं स्मरणपत्र आलेलं, ते अडुसष्ट” असं म्हणत स्वतःलाच दुरुस्त करत होत्या. सोमवारचे एक्केचाळीस कागद झाले. मग मंगळवारचे चव्वेचाळीस. शेवटचा चिपळूणचा, बत्तीसशे सेहेचाळीस.

रायटरने पेन ठेवून बोटं चोळली. मी उभा होतो. केव्हा उठलो ते मला आठवत नाही.

“पाठ करता काय हे सगळं?” मी विचारलं.

“पाठ कशाला करायचं?” त्यांनाच नवल वाटलं. “कागद येतो तो बघते मी, साहेब. माणूस त्यासाठी लांबून पाठवतो. नुसता शिक्का मारून कसा सारायचा?”

मी पोलीस. माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यांच्या यादीतली तीन कार्यालयं निवडली आणि समोरच फोन लावले. तिघांनीही आपापली जावक वही पाहून क्रमांक सांगितले. तिन्ही जुळले. तिसऱ्या फोननंतर रायटर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “साहेब, मी कोण सांगणार, पण बाय खोटं नाय बोलत.”

सूर्यास्ताआधी मी बाईंना घरी पोचवलं. अटक केली नाही. वरिष्ठांनी फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. मी ऐकून घेतलं. मनात एकच विचार चालू होता, की सव्वीस-सत्तावीस वर्षं एका कोपऱ्यात बसून ही बाई कागद असे बघत आली, आणि त्या कार्यालयातल्या एकालाही याचा पत्ता नाही. साहेब लोक खुर्चीसाठी मुंबईपर्यंत धावत होते, आणि अख्खं कार्यालय होतं ते हिच्या डोक्यात.

गुरुवारी सकाळी मी कामाची वाटणी केली. प्रत्येक कार्यालयाचा शिपाई पत्र द्यायला येतो तेव्हा त्याच्याजवळ टपालवही असते. पत्र घेणारा त्यात सही करतो, शिक्का मारतो आणि आपला आवक क्रमांक टाकतो. म्हणजे आमची वही हरवली तरी तिच्या तुकड्यातुकड्यांच्या नोंदी गावभर पसरलेल्या होत्या. आम्ही बाईंची यादी घेऊन निघालो. नऊ कार्यालयं, नऊ टपालवह्या. दुपारपर्यंत हातोहात आलेला प्रत्येक कागद जुळला, क्रमांकासकट. मी यादीतल्या एकेका नोंदीपुढे बरोबरची खूण करत होतो. एकही चूक नाही म्हणजे नाही.

आणि तेवढ्यात एका टपालवहीत एक ओळ जास्तीची दिसली.

तारीख बुधवारची, म्हणजे वही गायब झाल्यानंतरची. आमच्या कार्यालयाला दुपारी अडीचला एक तातडीचं पत्र दिलेलं. खाली प्राप्त झाल्याचा शिक्का, अधीक्षक भाऊंची सही आणि आवक क्रमांक ३२४७.

मी ती ओळ तीन वेळा वाचली. अडीच वाजता बाई माझ्याबरोबर होत्या, त्यांच्याच घराच्या खळ्यात. त्या टपालवहीच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “भाऊंनी घेतलान कागद. मी म्हटलं, नंबर टाका, नायतर आमचे साहेब ओरडतात. टाकलान त्यांनी लगेच.”

“वही बघून टाकला?”

“वही कुठली? वही तर हरवलीय ना. असाच टाकलान.”

इथेच गोम होती. मंगळवारी साडेपाचला भाऊ घरी गेले तेव्हा शेवटचा क्रमांक होता ३२४१. चिपळूणचे पाच कागद त्यानंतर आले, कार्यालयात बाईंशिवाय कुणी नसताना. ते पाच कागद बाईंच्या खणात राहिले आणि त्या खणावर माझं सील होतं. पंचनाम्यात मी नुसते पाच कागद असं लिहिलं होतं, क्रमांक उतरवून घेतले नव्हते, आणि खण मीच उघडला होता, तेव्हा भाऊ तिथे नव्हते. अंदाजाने क्रमांक टाकणाऱ्याने ३२४२ टाकला असता. पुढचा क्रमांक ३२४७ आहे हे कार्यालयात फक्त दोघांना माहीत असू शकत होतं. एक बाई. दुसरा, ज्याने त्या रात्रीनंतर वही उघडून पाहिली तो.

मला तेव्हा भाऊंचं नवल वाटलं, आणि थोडी कीवही आली. वही लपवली, खोटं बोलले, सगळं जमलं. पण कुणी कागद पुढे केला आणि नंबर टाका म्हणालं, तेव्हा तीस वर्षांची सवय त्यांच्या हातात जागी झाली. कारकून माणूस खोटा नंबर टाकूच शकला नाही.

दुपारी त्यांना ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही, टेबलही आपटलं नाही. खुर्ची दिली, चहा दिला.

“भाऊ, तुमच्या कार्यालयात पुढचा आवक क्रमांक कुठला?”

“सत्तेचाळीस झालाय. म्हणजे आता अठ्ठेचाळीस,” ते सहज बोलून गेले.

“आणि बेचाळीस ते सेहेचाळीस?”

“चिपळूणचे ना ते...” ते म्हणाले आणि थांबले. 

मी टपालवही त्यांच्यापुढे सरकवली. ते बराच वेळ स्वतःच्याच सहीकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले, आणि पुसता पुसताच सगळं सांगितलं.

त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवले होते. सोमवारी नव्या साहेबांनी मागितला म्हणून दाखला दिला, की कार्यभार घेईपर्यंत स्थगितीचा कागद आलेला नव्हता. मंगळवारी जुन्या साहेबांनी मागितला म्हणून दुसरा दिला, की फॅक्स आधी आला. दोन्ही सही-शिक्क्यासह. “दोघांतले कोण राहणार ते कळेना, साहेब. कोणीही राहिला तरी त्याच्या हाताखाली मलाच दिवस काढायचे होते.” न्यायाधिकरणाने वही मागवली आणि त्यांची पाचावर धारण बसली. वही मुंबईला गेली असती तर कुठला दाखला खोटा ते उघड होणार होतं. बुधवारी ते नऊलाच आले आणि शिपाई बाहेर व्हरांडा झाडत होता तेवढ्यात वही उचलली. फोनही त्यांनीच केला होता, बाजारातल्या बूथवरून.

“जाळलीत?” मी विचारलं. 

ते दचकले. “जाळायची? सरकारी वही, साहेब!”

ती त्यांनी आपणहून काढून दिली. कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, पंचांसमोर. फडताळाच्या वरच्या फळीवर जुन्या वर्षांच्या वह्यांचे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. त्यांतला एक त्यांनी सोडला. आत, इतर वह्यांमध्ये नीट लावून ठेवलेली, कोपरासुद्धा न दुमडलेली, ती वही होती. मी सोमवारचं पान उघडलं आणि बाईंची यादी शेजारी धरली. रायटर वाचत गेला. पंच म्हणून आणलेला समोरचा पानवाला सुरुवातीला कंटाळून भिंतीला टेकला होता. विसाव्या कागदापाशी तो सरळ उभा राहिला. चाळिसाव्याला त्याने आपणहून चपला काढल्या. मी त्याला का म्हणून विचारलं नाही, कारण मला जे वाटत होतं तेच त्यालाही वाटत होतं.

वही मुंबईला गेली. फॅक्स आधीचा ठरला, म्हणजे जुने साहेब जिंकले. पण महिन्याभरात सरकारने दोघांनाही दोन टोकांना पाठवलं आणि तिसरेच साहेब आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात बाईंची दोन्ही निलंबनं मागे घेतली. मी त्या वाडीत पुन्हा गेलो. त्याच दोन पंचांना बोलावून त्यांच्यासमोर गुरुजींना सांगितलं, की तपास पूर्ण झाला, बाई निर्दोष आहेत, आणि झडती माझ्या चुकीने झाली. गुरुजी म्हणाले, “बसा, साहेब. कोकम देतो.” एवढंच. मीही बसलो.

इथे संपली असती तर ही एका हुशार बाईची गोष्ट झाली असती. पण दोषारोपपत्राची तयारी करताना माझ्या लक्षात आलं की केसमध्ये भोक आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. वही काढून दिल्याचा पंचनामा होता, पण अभिलेख कक्षात कुणीही जाऊ शकत होतं. तो क्रमांक नशिबाने बरोबर आला असं वकील म्हणणार. वही उचलताना भाऊंना कुणीतरी पाहिलेलं हवं होतं.

मी बाईंना जबाबासाठी बोलावलं.

“बाई, तुम्ही पावणेदहाला आत आलात तेव्हा भाऊ अभिलेख कक्षाकडून येताना दिसले असतीलच.”

“दिसले नाय.”

“आठवून बघा. तुम्हाला तर सगळं आठवतं.”

“आठवतं म्हणूनच सांगते. ते टेबलाशी बसून पेपर वाचत होते.”

मी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, त्यांनीच नेली हे त्यांनीही कबूल केलंय. तुम्हालाही माहीत आहे. खोटं काहीच नाही यात. हातात वही दिसली, एवढं एक वाक्य. केस पक्की होईल. ज्या माणसाने तुमच्या घरी पोलीस पाठवले त्याला तुम्ही वाचवताय.”

 बाईंचे डोळे भरून आले होते. पदराने पुसले.

“त्या दिवसापासून आमचे हे एस.टी.च्या थांब्यावर पेपर वाचायला जात नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की रायटर पुढे वाकला. “ते मी मरेपर्यंत विसरणार नाय. पण जे आलं नाय त्याची नोंद मी करत नाय, साहेब. नव्या साहेबांसाठी केली नाय. तुमच्यासाठी पण करणार नाय.”

रायटरने पेनाला टोपण लावलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

केस त्या वाक्याशिवाय उभी राहिली. टपालवही आणि पंचनामा कोर्टाने मानला, भाऊंना थोडी शिक्षा झाली, नोकरी गेली. बाई चौदा महिन्यांनी रीतसर निवृत्त झाल्या. त्या आता नाहीत.

त्या दिवसापर्यंत माझी अकरा वर्षं नोकरी झाली होती. अकरा वर्षांत मी शेकडो जबाब लिहून घेतले. साक्षीदार म्हणायचा, “दिसला असेल, साहेब,” आणि मी लिहायचो, ‘मी त्यास समक्ष पाहिले.’ आरोपी तोच आहे अशी माझी खात्री असायची, त्यामुळे झोप कधी उडाली नाही. बाईंनंतर मी असं एकही वाक्य लिहिलं नाही. त्यापायी काही केसेस सुटल्या, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, एकदा बढतीही लांबली. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते त्या आधीच्या अकरा वर्षांचं. माझ्या त्या वाक्यांवर काही माणसं आत गेली. ती सगळी गुन्हेगारच होती का, हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.